गोडसे भटजींची वही

संपादकांनी विषय दिला तो असा: लढाई डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं, सहजी न मिळणारं मराठी आत्मकथन शोधा. त्यांच्या मनात महायुद्धावर गेलेला एखादा सुभेदार असावा. मी गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली आणि पुण्याला उतरलो, ते 1857 साठी.

'माझा प्रवास' कुठे दुर्मीळ आहे, असं कुणीही विचारेल. विष्णुभट गोडसे वरसईकरांचं हे पुस्तक शाळेच्या कपाटातही सापडतं. पण त्यातलं मराठी नक्की कुणाचं, हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही.

गोडसे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरात कर्ज. बायजाबाई शिंदे उत्तरेत सर्वतोमुख यज्ञ करणार, दक्षिणा मोठी मिळेल, अशी खबर आली आणि 1857 साली ते काकांबरोबर निघाले. वाटेत महूजवळ शिपायांकडूनच कळलं की गडबड होणार आहे. शहाणा माणूस मागे फिरला असता. हे दोघे पुढे गेले आणि झाशीच्या वेढ्यात अडकले. ह्यू रोजच्या फौजेने 3 एप्रिल 1858 रोजी शहरात शिरून जी कत्तल आणि लूट केली, ती गोडश्यांनी आतून पाहिली. आधी सोनंनाणं गेलं, मग भांडीकुंडी, मग कपडे नि धान्य. राजवाड्यातल्या पोथ्यांच्या संग्रहाची धूळधाण झाली, त्याचंही त्यांना वाईट वाटलं. भिक्षुकाचाच डोळा तो! पुढे काळपीच्या वाटेवर त्यांना दमलेली, तहानलेली राणी भेटली. तो प्रसंग मराठी माणसाला ठाऊक असतोच.

मिळवलेलं सगळं वाटेत लुटलं गेलं. घरी आली ती गंगेची कावड.

झाडीपट्टीतल्या वाचकाला हे परक्या मुलखाचं वाटायला नको. झाशीचे गंगाधरराव नोव्हेंबर 1853 मध्ये गेले आणि नागपूरचे तिसरे रघूजी भोसले त्यानंतर काही आठवड्यांनी, डिसेंबरात. दोघांनाही औरस पुत्र नव्हता. डलहौसीने दोन्ही राज्यं 1854 मध्ये खालसा केली. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात होता. त्याही आधी, 1818 साली, कामठ्याच्या जमीनदारीत चिमणा पटेलांनी इंग्रजांशी झुंज घेतली होती. ती लढाई आतून पाहणाऱ्या एखाद्या भटजीने किंवा कारकुनाने वही भरली असती, तर मी पुण्याला कशाला गेलो असतो?

वरसईच्या वहीलाही कुणीतरी निमित्त व्हावं लागलं. कल्याणचे वैद्य हे गोडश्यांचे यजमान. त्या घरातल्या चिंतामण विनायकांनी, पुढे भारताचार्य म्हणून नावारूपाला आलेल्या वैद्यांनी, भटजींना आठवणी लिहायला लावल्या. 1883 च्या सुमारास, म्हणजे घटना घडून पाव शतक उलटल्यावर, वही तयार झाली. ती छापली गेली 1907 मध्ये, भटजींच्या मागे. बंडाची हकीकत छापणं तेव्हा जोखमीचंच होतं. पुढच्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली. वैद्यांनी भाषा सुधारून घेतली, मजकुराला कात्री लावली. जवळजवळ साठ वर्षं महाराष्ट्राने गोडसे म्हणून वाचले ते हे वैद्यांचे गोडसे. अमृतलाल नागरांनी 'आँखों देखा गदर' या नावाने हिंदीत नेले, तेही हेच. निम्मं गोंदिया हिंदी वाचतं, म्हणून सांगितलं.

वैद्यांवर मला राग धरता येत नाही, कारण त्यांनी मूळ वही फेकली नाही. 1922 मध्ये ती भारत इतिहास संशोधक मंडळाला देऊन टाकली. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी 7 जुलै 1910 रोजी स्थापलेली ही संस्था सदाशिव पेठेत आहे. तिचा अधिकृत इतिहास तिच्या अहवालांत आहेच. माझं मन अडकलं ते एका माणसाच्या कामात. दत्तो वामन पोतदारांनी मंडळातली ती मोडी वही वाचून काढली आणि 1966 मध्ये मूळ बरहुकूम मजकूर छापला.

हे काम ऐकायला सोपं वाटतं. मोडी लिहिणारा आधी पानभर रेघ ओढतो आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरं ओवत जातो. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, वर संक्षेप. वाक्य कुठे संपलं हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचं. ओळखीचा शब्द संदर्भाने उलगडतो. गावाचं किंवा माणसाचं नाव मात्र दगा देतं. बुंदेलखंडातलं खेडं, कोकणी कान आणि पंचवीस वर्षांपूर्वीची आठवण, इतक्या गाळण्यांतून उतरलेलं नाव वाचायचं म्हणजे भूगोल शेजारी उघडा ठेवूनच बसावं लागतं. गोडश्यांच्या तारखाही सगळ्या जशाच्या तशा घेऊन चालत नाही. ऐकीव आणि पाहिलेलं यांची सरमिसळ आहे. बायजाबाईंबद्दल ऐकलेलं एक, झाशीत भोगलेलं दुसरं. वैद्यांनी जिथे गुळगुळीत केलं, तिथे मूळ मजकूर अडखळतो, आणि माझ्या मते त्या अडखळण्यातच साक्षीदार भेटतो.

खरी काळजी पुढे आहे. स्वातंत्र्यानंतर मोडी व्यवहारातून गेली. वाचणारे मोजके, आणि त्यांतले बरेच पेशवेकालीन राजकीय कागदांत गुंतलेले. घरगुती वह्यांना वाली नाही. कागद ठिसूळ होतो, शाई खाते, वाळवी लागते; आमच्याकडचा पावसाळा तर विचारूच नका. शिवाय 'आजोबांचं लिखाण' छापायला निघालेली नातवंडं हौसेने वैद्यच होतात: शुद्धलेखन नीट करतात, कुणाला लागेल ते वगळतात, वर प्रस्तावना चढवतात. पुस्तक निघतं, शे-दोनशे प्रती नात्यात वाटल्या जातात आणि मूळ वही रद्दीत जाते. वैद्यांच्या आणि त्यांच्यात फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

तेव्हा दोन विनंत्या. 'माझा प्रवास' घेताना आतलं पान उघडून पाहा: संपादक वैद्य की पोतदार. दोन्ही वाचा, पण आधी पोतदार. आणि आमगाव, तिरोडा, देवरी, सालेकसा, कुठेही तुमच्या घरात बंडातली, पलटणीतली, जंगल सत्याग्रहातली अशी एखादी वही असेल, तर ती छापण्याआधी पानन् पान छायाचित्रित करा, आणि एकही काना-मात्रा न बदलता मूळ वही एखाद्या संग्रहाकडे सोपवा.