विरळ हवेने कर्करोग उलटत नाही

कर्करोगाच्या उपचारांतून बाहेर पडलेली साठीपुढची व्यक्ती डोंगराची भाषा बोलू लागली, की घरातून आणि कधीकधी गिर्यारोहण मंडळातूनही एक आक्षेप हमखास पुढे येतो: उंचीवर प्राणवायू कमी, कर्करोग होतो तो प्राणवायूच्या अभावानेच, तेव्हा वर गेल्यास आजार उलटणार. हे विधान शास्त्रीय वाटते, कारण त्याच्या शेपटाला ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव आणि नोबेल पारितोषिक बांधलेले असते. आणि म्हणूनच ते पुन:पुन्हा खोडून काढण्याचे कंटाळवाणे काम टाळता येत नाही.

वारबुर्ग यांना १९३१ चे नोबेल मिळाले ते पेशींच्या श्वसनात भाग घेणाऱ्या विकराचे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचे, स्वरूप आणि कार्य उलगडल्याबद्दल. कर्करोगाचे मूळ शोधल्याबद्दल मुळीच नाही. कर्करोगाच्या पेशींविषयी त्यांचे जे निरीक्षण आजही शिकवले जाते, ते असे की या पेशी प्राणवायू मुबलक असतानाही साखर आंबवण्याच्या मार्गाने ऊर्जा मिळवतात. ‘असतानाही’ हा शब्द गाळून वाचण्याची किमया ज्यांना साधली, त्यांनीच या निरीक्षणातून प्राणवायूच्या अभावाचा सिद्धान्त काढला आहे. या आंबवण्यालाच वारबुर्ग स्वतः रोगाचे मूळ मानत, हे खरे. परंतु पुढील संशोधनाने ते मूळ जनुकांतील बदलांत असल्याचे दाखवले.

दुसरी गल्लत याहून सूक्ष्म आहे. अर्बुदाच्या, म्हणजे पेशींच्या बेसुमार वाढीतून बनलेल्या गाठीच्या, आत खरोखरच प्राणवायूची टंचाई असते आणि तिच्यामुळे रोग अधिक आक्रमक होऊ शकतो. मात्र ही टंचाई गाठीतील रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि अपुऱ्या असल्यामुळे निर्माण होते, बाहेरच्या हवेमुळे नव्हे, आणि समुद्रसपाटीवर बसून राहिल्यानेही ती टळत नाही. डोंगरावरील स्थिती निराळी असते. तेथेही हवेतील प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्केच राहते, घटतो तो हवेचा दाब. जपानमधील फुजी पर्वताच्या ३,७७६ मीटर उंच माथ्यावर तो समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्के, तर महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाईवर (१,६४६ मीटर) सुमारे ८२ टक्के भरतो. शरीर ही घट ओळखून श्वास वाढवते आणि मूत्रपिंडांकरवी तांबड्या पेशींची निर्मिती वाढवते. पेशींना प्राणवायूची पातळी कळते कशी, हे दाखवणाऱ्या संशोधनाला २०१९ चे नोबेल मिळाले. प्राणवायू मिनिटामिनिटाला खालीवर करून उंदरांवर केलेल्या काही प्रयोगांत अर्बुदे वेगाने वाढली, हे येथे नोंदवले पाहिजे. पण ते प्रयोग झोपेत श्वास अडण्याच्या विकाराची नक्कल करणारे होते, आणि काही दिवस उंचावर राहिल्याने बरा झालेला कर्करोग परततो, असा मानवी पुरावा उपलब्ध नाही. अंगात रोग सक्रिय असताना वर जाण्याचा निर्णय मात्र वेगळा असून तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांशिवाय घेऊ नये.

‘आता दगदग नको, आराम करा’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, म्हणून त्याला गैरसमज म्हणणे जड जाते. तरीही अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २०१० मध्येच कर्करोगाच्या उपचारांदरम्यान आणि नंतरही व्यायाम सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला होता; आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवर केलेल्या, २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, केमोथेरपीनंतर तीन वर्षे देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्या गटातील सुमारे ९० टक्के रुग्ण आठ वर्षांनी हयात होते, तर केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्या गटात हे प्रमाण सुमारे ८३ टक्के होते.

खरा धोका उपचारांनी शरीरात जे मागे ठेवले, त्यात असतो, आणि त्याची चर्चा क्वचितच होते. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध एकूण मात्रा वाढत जाते तसे हृदयाचे स्नायू दुबळे करू शकते, ब्लिओमायसिनमुळे फुप्फुसांत व्रण राहू शकतात, आणि स्तनाच्या व पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील संप्रेरकरोधक उपचारांनी हाडे विरळ होऊ शकतात. हृदयाचा इको, फुप्फुसांची आणि हाडांच्या घनतेची तपासणी यांतून हे आधीच कळू शकते. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्झालिप्लॅटिन घेतलेल्यांच्या तळपायांतील नसा बधिर झालेल्या असू शकतात, आणि अशा पायाला बुटात शिरलेला खडा समजत नाही, निसटता दगडही उशिरा समजतो. चढताना हे फारसे जाणवत नाही. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवरून उतरताना पाऊल पुढची पायरी चाचपते, मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार झेलतो, आणि पायरी लागली की नाही हे तळव्याने सांगायचे असते. तळवा मुका असेल, तर उतरणीवर नजर आणि काठी यांचाच आधार उरतो. गुळगुळीत फरशीवर डोळे मिटून एका पायावर उभे राहता येत नसेल, तर उंचीची चिंता करण्याआधी तोल सुधारावा, हे बरे.

किरकोळ समजुतींना एकेक ओळ पुरेशी आहे. साठीनंतर स्नायू वाढत नाहीत, असे मानणाऱ्यांनी १९९० मधील, नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांनी आठ आठवड्यांत पायांचे बळ लक्षणीयरीत्या वाढवल्याचा प्रयोग पाहावा. स्तनाच्या कर्करोगात काखेतील लसिकाग्रंथी काढलेल्या आणि हात सुजणाऱ्या स्त्रियांनी वजन उचलू नये, ही समजूत १४१ स्त्रियांवरील २००९ च्या चाचणीने मोडीत काढली. तेथे वजने हळूहळू वाढवत नेणाऱ्यांचा त्रास उलट कमी वेळा बळावला. पाच वर्षे लोटली म्हणजे शरीर पूर्ववत झाले, हेही खरे नाही, कारण हृदयावरील परिणाम त्यानंतरही उघड होऊ शकतात. आणि विरळ हवेचा त्रास, डोके दुखणे, मळमळणे, हा साधारणतः २,५०० मीटरच्या वर सुरू होतो, त्यामुळे महाराष्ट्राच्या सह्याद्रीत त्याचे भय बाळगणे व्यर्थ आहे.

याच्या नेमका उलटा गैरसमज गौरवलेखांतून पसरतो: शिखर गाठले, म्हणजे कर्करोगावर मात केली. १६ मे १९७५ रोजी एव्हरेस्टवर पोहोचलेली पहिली स्त्री, जपानच्या जुंको ताबेई, यांना २०१२ मध्ये पोटाच्या आतील आवरणाचा कर्करोग असल्याचे निदान झाले, आणि उपचार चालू असतानाही त्या डोंगर चढत राहिल्या. डोंगरांनी त्यांना जगवले, असे म्हणण्यास आधार नाही. डोंगरांनी त्यांचे आयुष्य घटवले, असे म्हणण्यासही नाही. भूकंप आणि त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या तोहोकु प्रदेशातील शाळकरी मुलांना त्या फुजीवर नेत असत. जुलै २०१६ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्या सुमारे ३,०१० मीटरवर थांबल्या आणि मुले पुढे गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले.