‘टायटल क्लिअर आहे’ म्हणणाऱ्याला काय विचारावे

छत्रपती संभाजीनगरात प्लॉट पाहायला गेले की पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य हमखास कानावर पडते: “टायटलचं टेन्शनच घेऊ नका, एकदम क्लिअर आहे.” सांगणारा कधी दलाल असतो, कधी मालकाचा मेहुणा. पुरावा म्हणून मोबाइलवर डिजिटल सहीचा सातबारा पुढे केला जातो. सातबारा खराच असतो. पण त्यावरून सांगितले जाते ते सगळे त्यात असतेच असे नाही.

सातबारा म्हणजे मालकीचा दाखला, हा सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट गैरसमज. सातबारा हे महसूल खात्याचे दप्तर आहे. शेतसारा कोणाकडून घ्यायचा आणि जमीन कोण कसतो, हे सरकारला कळावे म्हणून गाव नमुना 7 आणि 12 एकत्र करून तो बनला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे त्यातली नोंद खरी धरतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराचेही तेच. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, तो महसुलापुरता असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे; 2021 च्या जितेंद्र सिंग खटल्यातही तेच सांगितले. नगरपालिकेची कराची पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 यांची तर त्याहून कमी पत. कर भरला एवढेच त्यातून दिसते.

तरी सातबारा नीट वाचला तर बरेच सांगतो. बहुतेक लोक नाव आणि क्षेत्र पाहून कागद घडी करतात. अनुभवी वकील आधी दोन ठिकाणी बोट ठेवतो. एक, भोगवटादार वर्ग 1 आहे की 2. दोन, ‘इतर हक्क’. वर्ग 2 असेल तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ‘इतर हक्क’ मध्ये सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, भूसंपादनाचा शेरा किंवा नुसते ‘इनाम’ एवढे तीन अक्षरी काहीतरी असते. त्यानंतर खाली बारीक अक्षरात फेरफारांचे जुने क्रमांक. खरे काम तिथून सुरू होते, कारण त्यातला प्रत्येक फेरफार काढून वाचायचा असतो. कर्ज नसल्याने सातबारा ‘कोरा’ असला, तरी या फेरफारांत काय दडले आहे ते तो सांगत नाही.

“पण रजिस्ट्री झाली की सरकारनेच शिक्का मारला ना?” शिक्का मारला, पण कशावर? अमुक माणसाने अमुक दिवशी समोर येऊन सही केली, अंगठा दिला, मुद्रांक शुल्क भरले, यावर. विकणारा खरा मालक आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार दुय्यम निबंधकाला नाही. काही प्रकारचे दस्त नाकारण्याची मुभा कायदा त्याला देतो, ती बाब वेगळी. एप्रिल 2025 मध्ये के. गोपी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा एक नियम रद्द केला, तो याच मुद्द्यावर. आपली पद्धत दस्त नोंदवण्याची आहे, मालकीची हमी देण्याची नाही. ज्याच्याकडे मालकी नव्हती, त्याने नोंदणीकृत खरेदीखत करून दिले तरी घेणाऱ्याला मालकी मिळत नाही. सगळे गैरसमज इथूनच फुटतात, असे मला वाटते.

आता सर्च रिपोर्ट. “तीस वर्षांचा सर्च घेतलाय” हे वाक्य लोक मंत्रासारखे म्हणतात. तीसच का? मुदत कायदा, 1963 मध्ये गहाण सोडवण्याच्या दाव्याला 30 वर्षे आहेत, सरकारच्या दाव्यालाही 30. त्यामागचे वाद बहुधा मुदतीबाहेर गेलेले असतात, हा हिशेब. पुण्या-मुंबईत तो बऱ्यापैकी जमतो. मराठवाड्यात मात्र नेमकी गोम तीस वर्षांच्या पलीकडे असते.

हा भाग 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथल्या जमिनींची मुळे त्या राज्याच्या दप्तरात आहेत, आणि ते दप्तर उर्दूत, काही मोडीत. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा ही जुनी बाडे सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाली. जमिनीच्या वकिलांना ती आधीपासून लागत होती. 1954-55 चे खासरा पाहणी पत्रक हा मराठवाड्यातल्या शोधातला कळीचा कागद. तेव्हा जमीन कोणाच्या नावे होती, ताबा कोणाचा होता, धारणाप्रकार काय होता, हे त्यात दिसते. आज बिगरशेती झालेल्या, रस्ते-गटारे झालेल्या ले-आउटच्या गट नंबरसमोर तिथे ‘मदतमाश’ किंवा ‘खिदमतमाश’ लिहिलेले निघू शकते.

हे दोन शब्द सारखे ऐकू येतात, परिणाम वेगळे. मदतमाश म्हणजे एखाद्याच्या उदरनिर्वाहासाठी दिलेले इनाम. खिदमतमाश म्हणजे मशीद, दर्गा, मंदिर यांच्या सेवेसाठी दिलेले. हैदराबाद राज्याच्या 1954 च्या कायद्याने इनामे रद्द झाली, पण धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामे त्यातून वगळली होती. म्हणजे मदतमाश असेल तर परवानगी आणि नजराण्याचा कागद शोधायचा. खिदमतमाश असेल तर विकणाऱ्याला विकायचा हक्कच होता का, इथपासून सुरुवात. देवस्थानाच्या जमिनीत हा प्रश्न येतो, तसाच वक्फच्या जमिनीत. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालय आपल्याच शहरात, पाणचक्कीला आहे, तेव्हा चौकशीला लांब जावे लागत नाही. वक्फच्या मिळकतींना मुदत कायदा लागू नव्हता. ही सूट देणारे वक्फ कायद्याचे कलम 107 हे 2025 च्या दुरुस्तीने काढले. तरी जुना व्यवहार त्यामुळे आपोआप शुद्ध झाला, असे कोणी सांगत असेल तर ते लेखी मागावे.

तिसरी मराठवाडी गोष्ट कुळाची. इथे मुंबईचा कुळकायदा नाही, हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, 1950 चालतो. कुळाला त्या कायद्याने मिळालेली जमीन पुढे विकताना कलम 50-ब च्या अटी येतात. पुण्याहून नमुना आणून इथे भरलेल्या सर्च रिपोर्टमध्ये मुंबई कायद्याचे कलम 43 लिहिलेले आढळले, तर वकिलाने जमीन कुठली आहे हेच पाहिलेले नाही, असे खुशाल समजावे.

रिपोर्टचे शेवटचे पान कोणी वाचत नाही. तिथे साधारण असे असते: ‘काही वर्षांच्या सूची क्रमांक 2 ची पाने फाटलेली, काही बांधणीस गेलेली असल्याने पाहता आली नाहीत, उपलब्ध नोंदींपुरता हा अभिप्राय.’ ही पळवाट नाही. उलट प्रामाणिक वकील ती लिहितोच, आणि कोणती वर्षे पाहिली नाहीत तेही सांगतो. नुसते ‘निर्वेध व विक्रीयोग्य’ एवढेच लिहिणाऱ्या दीड पानी रिपोर्टपेक्षा असा रिपोर्ट केव्हाही बरा.

नोंदणी कार्यालयातल्या या सूची 2 वर कर्ज दिसत नाही म्हणजे कर्ज नाही, हेही अर्धे खरे. मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना निबंधकाकडे देणे महाराष्ट्रात 1 एप्रिल 2013 पासून बंधनकारक झाले. त्याआधीचे गहाण सूचीत सापडेलच असे नाही. म्हणून सेरसाय (CERSAI) या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत शोध घ्यायचा, आणि मुख्य म्हणजे मूळ खरेदीखत डोळ्यांनी पाहायचे. “ओरिजिनल हरवलंय, सर्टिफाइड कॉपी चालते” म्हटले की पोलिसांतली तक्रार आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस मागायची. पतसंस्थेच्या कपाटात ‘हरवलेली’ खरेदीखते कधी कधी छान सापडतात.

पुंडलिकनगर, हनुमाननगर, सातारा-देवळाई अशा भागांत पिढ्या वसल्या त्या बॉण्डवर. शंभराचा मुद्रांक, नोटरीचा शिक्का, चार साक्षीदार, आणि प्लॉट झाला. पण मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 54 प्रमाणे शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. मुखत्यारपत्रावरच्या विक्रीने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प निकालात स्पष्ट केले. गुंठेवारीची फाइल मंजूर झाली की सगळे मिटले, हा त्यातला पोटगैरसमज. गुंठेवारी कायदा 2001 चा. 2021 च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या वसाहतींपर्यंत आली. त्याने भूखंड आणि बांधकाम नियोजनाच्या दृष्टीने नियमित होते. मूळ शेतकऱ्याच्या बहिणींचा वाटा राहिला असेल, तर तो तिथेच राहतो.

सिडकोचे थोडक्यात सांगून टाकतो. एन-5, एन-7 मधले घर म्हणजे बहुधा भाडेपट्टा. 2006 मध्ये वसाहतींचा कारभार महापालिकेकडे गेला, जमिनीचा पट्टा नाही. सिडकोच्या ना-हरकतीशिवाय आणि हस्तांतर शुल्काशिवाय व्यवहार करू नये. आणखी एक: जुन्या दस्तांत शहराचे नाव ‘औरंगाबाद’ आहे म्हणून ते पुन्हा करून घ्यावे लागत नाहीत. कोणी त्यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका.

“बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद ओकेच असणार.” बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेसाठी काम करतो, फी तुम्ही भरली तरी. बँकेला तुमचा पगार आणि जामीनही दिसत असतो. टायटल बिघडले तरी हप्ता चालूच राहतो. स्वतःचा वेगळा वकील लावण्याचा खर्च प्लॉटच्या किमतीपुढे किरकोळ आहे. दलालाचा महारेरा नोंदणी क्रमांकही टायटलची ग्वाही नाही. 2023 पासून महाराष्ट्रात एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा लागू झाली, हे चांगलेच झाले, पण मालकीचा शोध हे त्यांचे काम नव्हे.

मग विमा? कर्जासोबत बँक गळ्यात मारते तो विमा तुमच्या जिवाचा किंवा आगीचा असतो. टायटल विमा ही वेगळी चीज. त्याची पहिली कंपनी 1876 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला निघाली. एकदाच हप्ता भरायचा, आणि संरक्षण मागे घडून गेलेल्या, पण अजून उघड न झालेल्या दोषापासून. तिकडे पैसे, कागद, शोध आणि विमा हे सगळे एका तटस्थ एजंटाच्या टेबलावरून जाते. आपल्या रेरा कायद्यात, 2016 च्या कलम 16 मध्ये, टायटल विम्याची तरतूद आहे. पण ती बिल्डरवर आहे आणि राज्य सरकार अधिसूचना काढील तेव्हाच लागू होते. सातारा-देवळाईतल्या रीसेल प्लॉटला तिचा उपयोग नाही. त्यापेक्षा कलम 18 चे दुसरे पोटकलम लोकांना माहीत हवे. जमिनीच्या सदोष टायटलमुळे प्रकल्पातल्या ग्राहकाचे नुकसान झाले तर भरपाई बिल्डरने द्यायची, आणि त्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही.

तटस्थ टेबल नसल्यामुळे रजिस्ट्रीच्या दिवशीची शिस्त खरेदीदाराच्या वकिलालाच लावावी लागते. डिमांड ड्राफ्ट वकिलाच्या हातात, मूळ कागद समोर, जुने कर्ज असेल तर बँकेचे ताजे थकबाकी पत्र आणि तिच्याच नावाचा वेगळा ड्राफ्ट. किंमत 50 लाख किंवा अधिक असेल तर एक टक्का टीडीएस खरेदीदाराने कापायचा; दंड बसला तर त्यालाच बसतो. वीस हजार आणि त्यावरची रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, म्हणून “थोडे कॅश, थोडे चेक” म्हणणाऱ्याला सुरुवातीलाच नाही म्हणावे.

रजिस्ट्रीनंतर पेढे वाटून लोक मोकळे होतात, आणि फेरफाराकडे कोणी पाहत नाही. तलाठ्याची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात. कोणी हरकत घेतली की नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नमुना 6-अ मध्ये जाते आणि सुनावणी लागते. विकणाऱ्याची चुलत भावंडे बहुधा याच पंधरवड्यात उगवतात. वकिलाची शेवटच्या हप्त्याची फी म्हणूनच फेरफार प्रमाणित झाल्यावर द्यायची, हे आधीच ठरवून घ्यावे.