पंखांनी दिलेला चकवा

६ सप्टेंबर १९७६. जपानमधल्या हाकोदातेच्या नागरी विमानतळावर एक सोव्हिएत लढाऊ विमान अचानक उतरलं, धावपट्टी पुरली नाही म्हणून तिच्याही पुढे घसरत गेलं आणि थांबलं. व्हिक्टर बेलेंको नावाच्या त्याच्या वैमानिकाला अमेरिकेत आश्रय हवा होता. अमेरिकेला तोही हवा होता, पण त्याहून जास्त हवं होतं त्याचं विमान: मिग-२५.

१९६७ साली मॉस्कोजवळच्या हवाई प्रदर्शनात हे विमान जगाला दिसलं आणि पाश्चात्त्य तज्ज्ञांची झोप उडाली. वेग ध्वनीच्या जवळपास तिप्पट. त्यात भलेमोठे पंख. मोठे पंख म्हणजे विमान चपळ वळणार, असा सरळ हिशोब त्यांनी केला. एवढा वेग आणि एवढी चपळाई एकत्र आली, तर त्याच्यापुढे टिकायचं कोणी?

हाकोदातेला उतरलेलं विमान खोलून पाहिलं, तेव्हा उत्तर मिळालं. त्याचा बहुतांश सांगाडा निकेलमिश्रित पोलादाचा होता, चक्क वेल्डिंग केलेला. पंख मोठे होते ते वळण्यासाठी नव्हे, हे अवजड धूड उचलण्यासाठी! अमेरिकेच्या एफ-१५ च्या पंखांचं क्षेत्रफळ सुमारे ५६ चौरस मीटर आणि मिग-२५ चं सुमारे ६१, म्हणजे जवळजवळ सारखंच. पण उड्डाणाच्या वेळी एफ-१५ चं वजन साधारण २० टन, तर मिगचं ३५ टनांच्या वर. पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवरचा भार दीडपटीहून अधिक.

मग रशियन अभियंते अडाणी होते का? मुळीच नाही. त्यांना सोपवलेलं कामच वेगळं होतं. अमेरिका ध्वनीच्या तिप्पट वेगाने, २० किलोमीटरहून अधिक उंचीवरून येणारं बी-७० नावाचं बॉम्बर विमान बनवत होती. असं विमान मिनिटाला पन्नासेक किलोमीटर कापतं. जमिनीवरच्या रडारने ते टिपायचं, जमिनीवरच्या नियंत्रकाने दिशा द्यायची, वैमानिकाने सरळ वर चढायचं, लांबूनच क्षेपणास्त्र सोडायचं आणि परतायचं. हा इंटरसेप्टर. त्याचा वैरी अणुबॉम्ब घेऊन नाकासमोर निघालेला असतो. मग वळणं कशाला हवीत? हवा फक्त वेग, आणि त्या वेगात हवेच्या घर्षणाने तापणारं अंग सहन करणारा धातू. रडारमध्ये जुन्या रेडिओत असत तशा व्हॅक्यूम ट्यूब सापडल्या, त्यावर पुष्कळ हसू झालं. पण त्या रडारची ताकद ६०० किलोवॅट होती. शत्रूने लहरींचा गोंधळ माजवला तरी त्याला भेदून पाहणारी. मला तर ही रांगडी अक्कल फार आवडते.

एफ-१५ सारख्या, हवाई वर्चस्वासाठी बनवलेल्या लढाऊ विमानाचा वैरी असतो त्याच्यासारखंच दुसरं लढाऊ विमान. परक्या आकाशात शिरायचं, तिथे टिकून राहायचं आणि शत्रूची विमानं पाडून वा हुसकावून ते आकाश आपल्या सैन्यासाठी मोकळं करायचं. इथे वैरी बगल देतो, मागे येतो. मिग-२५ ला या झुंजीत घालणं म्हणजे शंभर मीटरच्या धावपटूला कुस्तीच्या हौद्यात उतरवणं. गणितच करा: ध्वनीच्या २.८ पट वेगात, त्याला पेलणाऱ्या जास्तीत जास्त साडेचार जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साडेचारपट, भाराने वळलं, तरी अर्धं वळण पुरं होईतो मूळ मार्गापासून तीसेक किलोमीटर बाजूला! एफ-१५ झुंजीच्या कमी वेगात दोनेक किलोमीटरमध्ये फिरतं. त्याच्या इंजिनांचा जोर हलक्या वजनात विमानाच्या वजनापेक्षाही जास्त भरतो, म्हणून ते उभं चढतानाही वेग घेऊ शकतं. आणि काचेच्या घुमटातून वैमानिकाला मागचंही दिसतं.

यातली गंमत अशी की, व्हिएतनाममधले धडे जितके, तितकीच मिग-२५ ची ही चुकीची धास्ती एफ-१५ च्या आखणीमागे होती. नसलेल्या शत्रूला हरवण्यासाठी अमेरिकेने अप्रतिम विमान बनवलं. आणि बी-७०? त्याची अवघी दोन विमानं बनली, सेवेत एकही आलं नाही. क्षेपणास्त्रांच्या जमान्यात उंचावरून वेगाने जाणारी बॉम्बर विमानं मागे पडली, तसे निव्वळ इंटरसेप्टरही ओसरले. अफाट सीमा असलेल्या रशियाने मात्र मिग-२५ चा वारस मिग-३१ अजून बाळगला आहे.

एफ-१५ ला तोड म्हणून सोव्हिएतांनी सुखोई-२७ घडवलं. त्याच घराण्यातलं सुखोई-३० एमकेआय पुढे नाशिकजवळच्या ओझरला, एचएएलच्या कारखान्यात तयार होऊ लागलं. त्याच कारखान्यात आधी मिग-२१ बनत असे, आणि ते मुळात इंटरसेप्टर म्हणूनच आखलेलं होतं.