अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

समजा, लेझरने चष्मा घालवायला निघालेल्या मुलीच्या पारपटलाची जाडी एका यंत्राने ५२० मायक्रॉन दाखवली आणि दुसऱ्याने ५०५. फरक १५ मायक्रॉनचा. क्षुल्लक वाटतो, पण एक नंबर उतरवायला लेझर साधारण तेवढाच थर झिजवतं!

पारपटल म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. मध्यभागी त्याची जाडी सुमारे ५४० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. ती मोजण्याची जुनी, भरवशाची रीत ध्वनीची. डोळा बधिर करणारा थेंब घालून पेनासारखी कांडी पारपटलाला टेकवतात. श्राव्यातीत लहर मागच्या पृष्ठभागावरून परतते आणि लागलेल्या वेळावरून जाडी निघते. यात लहरीचा वेग सेकंदाला १६४० मीटर धरलेला असतो. कांडी तिरकी धरली गेली, तर आकडा वाढतो.

शाइम्पफ्लुग कॅमेरा डोळ्याला स्पर्शही करत नाही. गोल फिरत तो प्रकाशाच्या फटीतून छेदचित्रं घेतो आणि संपूर्ण जाडीचा नकाशा मांडतो. ओसीटी या तिसऱ्या पद्धतीत छेदचित्रांसाठी अवरक्त किरण वापरतात. त्यात वरची नाजूक त्वचाही वेगळी मोजता येते.

निरोगी डोळ्यात या तिन्हींचे आकडे बरेच जवळ येतात. रोग आला की वाटा फुटतात. केराटोकोनसमध्ये पारपटल शंकूसारखं पुढे येतं आणि सर्वांत पातळ जागा बहुधा मध्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला सरकते. मध्यावर टेकवलेल्या कांडीला ती सापडतच नाही. नकाशात ती दिसते. उलट पारपटलावर व्रण किंवा धूसरपणा असेल तर प्रकाश विखुरतो, मागची कड पुसट होते आणि कॅमेरा चुकू शकतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: रोगावर लक्ष ठेवायचं असेल, तर दर वेळी मोजणी एकाच प्रकारच्या यंत्रावर करून घ्या. नाहीतर यंत्रांमधला फरक रोगाची वाढ समजला जाईल.

रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून केराटोकोनस थोपवणाऱ्या क्रॉसलिंकिंगमध्ये तर हा आकडा निर्णायक ठरतो. वरची त्वचा काढल्यावर किमान ४०० मायक्रॉन उरावे लागतात. कमी असतील तर अतिनील किरण आतल्या पेशींना इजा करू शकतात. त्यातच डेक्स्ट्रान मिसळलेल्या रायबोफ्लेविनच्या थेंबांनी पारपटल आणखी आक्रसतं. म्हणून टेबलावरच कांडी पुन्हा टेकवतात. आकडा खाली गेला असेल तर कमी क्षारांचे थेंब घालून पारपटल फुगवतात, परत मोजतात आणि मगच दिवा लावतात.