खराद्यांची मंडळे

फिरत्या लाकडास पोलादी हत्यार लावून त्यास गोल आकार देण्याची विद्या अत्यंत प्राचीन असून, पाळण्याच्या दांड्यांपासून लाटण्यापर्यंत आणि भोवऱ्यापासून देवघराच्या खांबांपर्यंत आपल्या घरातील कितीतरी वस्तू तिच्या ऋणी आहेत. तथापि पोट भरण्याचे साधन म्हणून हा हुन्नर लयास जाऊ लागला असता, इंग्लंड-अमेरिकेतील सामान्य नागरिकांनी तो केवळ आवडीखातर उचलून धरला आणि त्याच्या जतनासाठी गावोगाव मंडळे स्थापन केली, ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसावी. या मंडळांचा कारभार बारकाईने पाहण्याजोगा आहे, असे मला मनापासून वाटते; कारण एखादे कसब कशामुळे टिकते, या प्रश्नाचे प्रत्यक्ष आचरणातले उत्तर तेथे सापडते.

पूर्वीची व्यवस्था अगदी निराळी होती. 1310 साली लंडनच्या महापौरांनी खराद्यांना पाचारण करून लाकडी मापे ठरल्या प्रमाणाचीच घडवण्याविषयी ताकीद दिली होती, म्हणजे हा पेशा तेव्हाही सरकारदरबारी दखल घेण्याइतका प्रतिष्ठित होता. आणि 1604 साली राजा पहिला जेम्स याने लंडनच्या खराद्यांच्या श्रेणीस सनद दिली, तेव्हा तर धंद्याचा मक्ताच तिच्या हाती आला. उमेदवारीची वर्षे भरल्यावाचून कोणास हत्यार धरून पोट भरता येत नसे आणि उस्तादाची विद्या उस्तादाच्या उंबरठ्याबाहेर सहसा पडत नसे. शहराबाहेर, चिल्टर्नच्या टेकड्यांवरील बीच वृक्षांच्या रानात, खुर्च्यांचे पाय घडवणारे कारागीर झाडाखालीच आपला चरक मांडत. लवचीक फांदीस बांधलेली दोरी लाकडाभोवती गुंडाळून ती खाली पायपट्टीस जोडलेली असे. पाय दाबला की लाकूड पुढे फिरे, सोडला की फांदी ते उलटे फिरवी, आणि काप घ्यायचा तो पाय दाबलेल्या क्षणापुरताच. पुढे यंत्रांचे कारखाने आले, एकसारखे शेकडो पाय एका दिवसात निघू लागले आणि या रानातल्या कारागिराची भाकरी गेली.

मधल्या काळात या कलेचा दिवा काही मोजक्या हातांनी तेवत ठेवला. जेम्स प्रेस्टिनी आणि बॉब स्टॉक्सडेल यांनी अमेरिकेत लाकडी वाडग्यास कलाकृतीची योग्यता मिळवून दिली. त्यानंतर 1985 च्या ऑक्टोबरात टेनेसी राज्यातील गॅटलिनबर्ग येथे, ॲरोमाँट कलाशाळेत खराद्यांची परिषद भरली आणि तिच्यातून 1986 साली अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स ही संस्था उभी राहिली. डेव्हिड एल्सवर्थ हे तिचे पहिले अध्यक्ष. पुढल्याच वर्षी ब्रिटनमध्ये तशीच संस्था निघाली. अमेरिकन संस्थेशी आज साडेतीनशेहून अधिक स्थानिक मंडळे संलग्न आहेत.

असे मंडळ साधारणतः महिन्यातून एकदा, एखाद्या शाळेच्या कार्यशाळेत किंवा सभासदाच्या गॅरेजमध्ये जमते. प्रथम जुजबी कामकाज, मग एका मेजावर सभासदांनी महिन्याभरात घडवलेल्या वस्तू मांडल्या जातात आणि ज्याने त्याने आपली वस्तू हाती घेऊन लाकूड कोणते, कोठे चूक झाली, झिलई कशाची दिली, हे सर्वांसमक्ष सांगायचे असते. त्यानंतर मुख्य प्रात्यक्षिक होते. यंत्रावर कॅमेरा लावून हत्याराचे टोक पडद्यावर दाखवतात, जेणेकरून मागच्या रांगेतल्यालाही काप दिसावा. मंडळाचे मासिक पत्रकही वाचण्यासारखे असते: पुढील महिन्यात कोण येणार, वादळात कोणाच्या अंगणातले अक्रोडाचे झाड उन्मळले असून ओंडके कधी न्यावेत, कोणाचा जुना चरक विक्रीस आहे, कोणी वृद्ध सभासद निवर्तला असून त्याची हत्यारे त्याच्या कुटुंबाच्या साहाय्यार्थ कधी विकली जाणार. अनेक मंडळे वर्षभर झाकणाच्या लाकडी डब्या घडवून गंभीर आजारी मुलांसाठी पाठवतात. प्रत्येक उपचारागणिक त्या मुलांना एक मणी मिळतो आणि ते मणी या डब्यांत जपले जातात.

तथापि या साऱ्या बैठकांमध्ये, विषय कोणताही निघो, संभाषण अखेरीस धारेपाशी येऊन थांबते, आणि ते योग्यच आहे. बोथट हत्यार लाकूड कापत नाही, ते तंतू उपटते. आणि उपटलेले तंतू मग पॉलिशपेपरने तासन्‌तास घासूनही लपत नाहीत. धार लावायची ती कुरुंदाच्या फिरत्या चाकावर, आणि तेथे नवशिक्याची अडचण अशी की धारेमागचा उतार चाकास नेमका कोठे टेकतो आहे, हे डोळ्यांस दिसत नाही. यावर मंडळांतून शिकवली जाणारी युक्ती साधी आहे. त्या उतारावर शाईच्या जाड पेनाने रंग फासावा, मोटार बंद ठेवून चाक हातानेच थोडेसे फिरवावे आणि हत्यार उचलून पाहावे: शाई केवळ धारेच्या कडेची गेली असेल तर कोन प्रमाणाबाहेर उभा झाला, केवळ मागच्या टाचेची गेली असेल तर तो प्रमाणाबाहेर निजला, आणि टाचेपासून धारेपर्यंत सलग पुसली गेली असेल तरच मोटार चालू करावी. पोलाद वाया न घालवता कोन साधण्याची याहून सोपी रीत माझ्या तरी माहितीत नाही.

हीच शिस्त प्रत्यक्ष कापतानाही उपयोगी पडते. वाडगा कोरण्याची जी खोलगट पात्याची गोल पटाशी असते, तिची धार आधी लाकडास लावली तर हत्यार अडकून जबरदस्त झटका बसतो. म्हणून जाणता खरादी पटाशी प्रथम टेक्यावर ठेवतो, मग तिचा उतार फिरत्या लाकडावर नुसता घासू देतो, ज्याने काहीच कापले जात नाही, आणि नंतर मूठ सावकाश उचलत नेतो, तोच धार लाकडास भेटून अखंड, लांबलचक सालपट सुटू लागते. यंत्र चालू करण्यापूर्वी लाकूड हाताने एक फेरा फिरवून ते टेक्यास अडत नाही ना हे पाहणे, फिरत्या तुकड्याच्या रेषेतून बाजूस उभे राहणे, तोंडावर पारदर्शक ढाल चढवणे, सैल बाह्या व गळ्यातल्या माळा टाळणे, हे नियम प्रत्येक सभेत पुनःपुन्हा उच्चारले जातात. वेगासंबंधी एक प्रचलित ठोकताळा असा की इंचातील व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार 6000 ते 9000 च्या दरम्यान असावा; म्हणजे दहा इंची वाडग्यास 600 ते 900 फेरे, आणि ओबडधोबड तुकड्यास त्याहूनही कमी.

ओल्या लाकडाची तऱ्हा तर विशेष सांगण्यासारखी आहे. ताजे तोडलेले लाकूड मऊ व कापण्यास सुखाचे, परंतु वाळताना ते आकसते, आणि सर्व दिशांनी सारखे आकसत नसल्यामुळे गोल वाडगा लंबगोल होतो. खोडाचा गाभा आत राहिला असल्यास बहुधा तडकतोही. म्हणून गाभा वगळून तुकडा घ्यायचा, भिंत व्यासाच्या दशांशाइतकी जाड ठेवून वाडगा कच्चा कोरायचा आणि त्याच्याच सालपटांसह कागदी पिशवीत ठेवून द्यायचा. दर आठवड्यास तो तोलून वजन त्याच्या बुडावर लिहून ठेवतात. वजन उतरावयाचे थांबले की लाकूड वाळले असे समजून, काही महिन्यांनी तो वाकडा झालेला वाडगा पुन्हा चरकावर चढतो आणि दुसऱ्यांदा, कायमचा, गोल होतो.

या परदेशी मंडळांशी आपले एक खरे नाते आहे, ते लाखेचे. तेथील खरादी फिरत्या वस्तूवर फडक्याने जी झिलई चढवतात, तिच्या एका लोकप्रिय प्रकारात शेलॅक, म्हणजे शुद्ध केलेली लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते, आणि घर्षणाच्या उष्णतेने ती चकाकते. पळस, बोर, कुसुम या वृक्षांवरील लाखेचे किडे आपल्याकडे झारखंड-छत्तीसगडच्या रानांतून पोसले जातात. आणि घर्षणाची हीच करामत आपले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या, स्पिरिटवाचून, थेट रंगीत लाखेच्या कांडीने करीत आले आहेत. कांडी फिरत्या लाकडास टेकवली की वितळून रंगाचा पट्टा उमटतो, आणि चन्नपट्टणच्या खेळण्यांवर त्यानंतर केवड्याचे वाळलेले पान दाबून धरतात, तेव्हा तो रंग सारखा पसरून लखलखू लागतो. जुन्या पद्धतीचा भारतीय कारागीर जमिनीवर बसून, एका हाताने कमान ओढीत, दुसरा हात आणि पायाचा अंगठा यांनी हत्यार आवरीत असे. ते कौशल्य पाहिलेला मनुष्य त्यास कनिष्ठ प्रतीचे म्हणण्यास धजणार नाही. आमच्या सावंतवाडीच्या चितारआळीने लाकडी फळे, भोवरे आणि रंगीत खेळणी घडवून हा वारसा महाराष्ट्रात जागता ठेवला आहे.

मला सुचवावयाचे आहे ते असे. पुणे, नाशिक, कोल्हापूर येथे धातूच्या लेथवर उभे आयुष्य घालवलेले कितीतरी निवृत्त कामगार आहेत, ज्यांच्या हातांना वेग, कोन आणि धार यांचे ज्ञान आधीच आहे. त्यांनी एकत्र येऊन असे मंडळ काढावे, एखाद्या तंत्रशाळेची कार्यशाळा महिन्यातून एक संध्याकाळ मागून घ्यावी आणि पहिले प्रात्यक्षिक सावंतवाडीच्या एखाद्या चितारी कारागिराचे ठेवावे, विषय लाखकाम. त्या कारागिरास येण्याजाण्याचा खर्च आणि परदेशी मंडळे आपल्या पाहुण्यांस देतात तसे रीतसर मानधन वर्गणीतून द्यावे. नुसत्या शाल-श्रीफळावर त्याची बोळवण करू नये.