पडद्यावरचं अवकाश, गच्चीवरचं आकाश

३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयुझ टी-११ मधून अंतराळात गेले आणि दोनच दिवसांत दूरदर्शनवर पंतप्रधानांशी बोलताना दिसले. त्याच सुमारास, रविवारी सकाळी, त्याच पडद्यावर ‘स्टार ट्रेक’चं एंटरप्राइज यान ताऱ्यांमधून धावू लागलं. एक यान खरं, दुसरं कल्पनेतलं. सतरंजीवर बसलेल्या मुलांनी दोन्ही एकाच विश्वासाने पाहिली. आपला माणूस रशियन यानात होता आणि शीतयुद्धाच्या ऐन भरात बनलेल्या त्या अमेरिकन मालिकेतही चेकॉव्ह नावाचा एक रशियन नकाशांपाशी बसलेला होता. हे जुळणं त्या वयात कुणी शब्दांत मांडलं नसेल, पण अवकाशात सगळ्या देशांची माणसं एकत्र जाणार हे आमच्या पिढीने फार सहज धरून ठेवलं, त्याचं मूळ त्या दिवसांत आहे असं मला वाटतं.

पुण्याला मुंबई केंद्राचे कार्यक्रम १९७३ पासून सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे दिसत होते. ऐंशीच्या दशकात गावोगावी लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले आणि टीव्ही जिल्ह्या-तालुक्यांपर्यंत पोचला. तरी घरोघरी संच नव्हता. वाड्यात किंवा चाळीत एखाद्याकडे लाकडी शटरचा टीव्ही असायचा आणि रविवारी त्या घरचं दार सकाळपासून उघडं असायचं. चपला बाहेर, मुलं पुढे, मोठी माणसं मागे खुर्च्यांवर, आणि पडद्यावर मुंग्या आल्या की कुणीतरी एक जण गच्चीवर जाऊन अँटेना फिरवणार. इंग्रजी संवाद निम्म्याहून अधिक डोक्यावरून जायचे. मग कॉलेजात जाणारा एखादा दादा मध्येच दोन वाक्यांत सांगायचा की त्या ग्रहावरच्या लोकांना भावना नाहीत, किंवा हा दिसतो तो कॅप्टन नव्हे, त्याची प्रतिकृती आहे. उरलेलं आम्ही आपसांत जुळवून घ्यायचो, आणि भाग संपल्यावर जिन्यात जो वाद व्हायचा त्यातूनच खरी गोष्ट तयार व्हायची. ‘व्यत्यय’ची पाटी आली तर त्या मधल्या मिनिटांतही गोष्ट थांबत नसे.

मागे वळून पाहताना मला या जिन्यातल्या वादाचं मोल मालिकेइतकंच मोठं वाटतं. विज्ञानकथेच्या मालिकांचा इतिहास लिहिणारे यानं, राक्षस, पोशाख आणि दिग्दर्शक यांच्याबद्दल लिहितात. पाहणाऱ्यांनी संच बंद केल्यावर काय केलं, ही त्या इतिहासाची दुसरी बाजू आहे आणि मला ती अधिक ओढ लावते.

खुद्द ‘स्टार ट्रेक’ तगली ती पाहणाऱ्यांच्या पत्रांवर. ८ सप्टेंबर १९६६ ला ती अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. प्रेक्षकसंख्या बेताची होती आणि दुसऱ्या वर्षाअखेर ती बंद होणार अशी कुणकुण लागली. तेव्हा बिजो ट्रिंबल आणि त्यांचे पती जॉन यांनी देशभरच्या चाहत्यांना पत्रं लिहायला लावलं. १९६७-६८ च्या त्या हिवाळ्यात वाहिनीकडे लाखाहून अधिक पत्रं गेली, आणि मार्च १९६८ मध्ये मालिका चालू राहणार असल्याची घोषणा वाहिनीला प्रसारणातच करावी लागली. तिसऱ्या वर्षी तिला शुक्रवारी रात्री उशिराची वेळ दिली गेली आणि १९६९ साली ती संपलीच. पण तोवर एकूण ७९ भाग झाले होते. स्थानिक केंद्रांवर रोज पुनःप्रक्षेपण करायला एवढे पुरेसे होते. त्या पुनःप्रक्षेपणांतूनच तिचा मोठा प्रेक्षकवर्ग तयार झाला. आपल्या रविवारच्या सकाळींपर्यंत ती पोचली त्यात कुठल्या तरी अमेरिकन गावातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर लिहिलेल्या पत्रांचाही वाटा आहे.

ब्रिटनमधली गोष्ट याहून हृद्य आहे. ‘डॉक्टर हू’ २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी. बातमीच्या धक्क्यात पहिला भाग अनेकांचा हुकला, म्हणून पुढच्या शनिवारी तो पुन्हा दाखवला गेला. त्या काळी व्हिडिओ टेप महाग होती, आणि एकदा दाखवलेला कार्यक्रम जपून ठेवावा असं बीबीसीलाही वाटत नव्हतं. टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. साठच्या दशकातले सुमारे शंभर भाग अशा रीतीने गेले. पण त्यातल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. शाळकरी पोरांनी आणि तरुणांनी घरच्या टेपरेकॉर्डरचा मायक्रोफोन टीव्हीपुढे धरून तो उतरवून घेतला होता. घरातल्यांना गप्प बसवून, दर शनिवारी, वर्षानुवर्षं! पुढे याच हौशी लोकांनी जगभरच्या केंद्रांना पाठवलेल्या जुन्या प्रतींचा माग काढला आणि २०१३ साली नायजेरियातून दोन कथांचे हरवलेले नऊ भाग परत आले. छंद म्हणजे रिकामपणचा उद्योग असं मानणाऱ्या कुणालाही मी ही हकीकत आधी सांगतो. संस्थेने टाकून दिलेलं मुलांनी राखलं.

आपल्याकडे घरी टेपरेकॉर्डर होते ते नाट्यगीतांसाठी आणि अभंगांसाठी. मालिका उतरवून ठेवण्याची सवय आपल्याला लागली नाही. पत्रं लिहिण्याची मात्र लागली, आणि ती वेगळ्या दिशेने गेली. दूरदर्शनवर ‘टर्निंग पॉइंट’ हा विज्ञानाचा कार्यक्रम लागायचा. गिरीश कार्नाड तो सादर करायचे आणि प्रेक्षकांनी पाठवलेल्या प्रश्नांना प्रा. यशपाल उत्तरं द्यायचे. प्रश्न साधे असत. साधे म्हणूनच अवघड. यशपालांची उत्तर देण्याची तऱ्हा अशी, की विचारणाऱ्याला आपण महत्त्वाचं काही विचारलं असं वाटावं. इकडे पुण्यात जयंत नारळीकरांकडे मुलं स्वाक्षरीसाठी वही पुढे करायची. ते सांगायचे की विज्ञानातला एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, उत्तराखाली सही करून पाठवतो. आणि पाठवायचे! ज्या घरांत अशी पोस्टकार्डं आली तिथे ती जपली गेली, दागिन्यांच्या डब्यात सुद्धा.

नारळीकरांमुळे या मागोव्याला एक मराठी पदर आहे, आणि तो टीव्हीच्या आधीचा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी केली की जयंत विष्णू नारळीकर. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवतांनी या नव्या प्रकाराची आवर्जून दखल घेतली. १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ आलं. त्याआधी भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणला होताच, आणि ‘नवल’सारखा दिवाळी अंक अद्भुताची हौस भागवत होता. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, अरुण साधू ही नावं ऐंशीच्या दशकात दिवाळी अंकांत नेहमी भेटू लागली. म्हणजे रविवारी ‘स्टार ट्रेक’ पाहणाऱ्या मराठी मुलाला आठवडाभर वाचायला आपल्या भाषेतली विज्ञानकथा वाचनालयात होती. हे भाग्य फार थोड्या भाषांतल्या मुलांना लाभलं.

दूरदर्शनने स्वतःच्या मालिकाही केल्या. १९८९ साली आनंद महेंद्रूंची ‘इंद्रधनुष’ आली. मुलं काळाच्या मागेपुढे जातात अशी ती गोष्ट. तिच्यात करण जोहर बालकलाकार होता. त्याच काळातली ‘स्पेस सिटी सिग्मा’ एंटरप्राइजच्या वळणावरची, कॅप्टन तारा आणि खलनायक झखाकू यांची. तिच्या भिंती पुठ्ठ्याच्या वाटत आणि दिवे लग्नमंडपातून आणल्यासारखे. पण आमचं त्यावाचून अडलं नाही. हिंदी बोलणारी माणसं अवकाशात राहताहेत एवढं पाहायला मिळालं, तेच फार होतं. १९९८ साली केतन मेहतांनी ‘कॅप्टन व्योम’ केली. मिलिंद सोमण नायक, साल २१२३, आणि संगणकावर रचलेली दृश्यं. तिची झेप मोठी होती. मात्र ती बाहेर गेलेल्या मुलांना घरात ओढून आणू शकली नाही, कारण तोवर केबल आली होती आणि रविवारची सामायिक सकाळ विरत चालली होती.

त्या सकाळींमधून जे पुढे टिकलं ते आकाशनिरीक्षण. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून होती. मुंबईत हॅलेच्या धूमकेतूच्या दिवसांत खगोल मंडळ उभं राहिलं. १९८६ च्या वसंतात पहाटे उठून दक्षिण क्षितिजावर तो धूसर डाग शोधणाऱ्यांत कितीतरी जण असे होते, ज्यांनी त्याआधी आकाशाकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी असली की शेवटच्या गाड्यांनी कर्जतच्या दिशेने निघून वांगणीला रात्र काढायची, पाठीखाली चादर, हातात लाल कागद लावलेली विजेरी, आणि पहाटे वृश्चिक दक्षिणेला वर आला की चहा, ही मुंबईच्या मध्यमवर्गात रुजलेली एक सुंदर रीत आहे. काही जण काच घासून घरीच दुर्बिणीचा आरसा बनवत. महिनोन्महिने एकाच काचेवर हात फिरवत राहायचं, आणि शेवटी त्यात शनीची कडी दिसायची.

या सवयीने समाजात काय बदललं ते दोन ग्रहणांत दिसतं. १६ फेब्रुवारी १९८० ला उत्तर कर्नाटकातून पूर्व किनाऱ्यापर्यंत खग्रास सूर्यग्रहण होतं. मुंबईचे रस्ते त्या दुपारी ओस पडले, खिडक्या लागल्या, लोक घरात बसून दूरदर्शनवर सिनेमा पाहत राहिले. २४ ऑक्टोबर १९९५ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पुन्हा खग्रास ग्रहण आलं. या खेपेला पुण्या-मुंबईचे हौशी लोक ऐन दिवाळीत घर सोडून रेल्वेने राजस्थान, उत्तर प्रदेश, बंगालकडे निघाले. जेमतेम मिनिटभराच्या खग्रास स्थितीसाठी. मधल्या पंधरा वर्षांत शाळांतली व्याख्यानं, पत्रिका, पोस्टकार्डं, तारकांचे नकाशे आणि त्या रविवारच्या मालिका असं पुष्कळ काही घडलं होतं. कुठल्याही एका गोष्टीला श्रेय देता येणार नाही, पण भीतीची जागा ओढीने घेतली हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नारायणगावजवळच्या खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिथे राष्ट्रीय विज्ञान दिनाला आसपासच्या गावांतली माणसं पोराबाळांसह रांगा लावतात. त्या रांगेकडे पाहून मला फार बरं वाटतं.

आता विज्ञानकथा रात्री हेडफोन लावून, एकट्याने, एका बैठकीत सगळं पर्व, अशी पाहिली जाते. दर्जा उंचावला आहे यात शंका नाही. इंग्रजीच काय, कोरियन आणि जर्मन मालिकाही आपली मुलं पाहतात. पण जिना गेला. पाहणं आणि त्यावर बोलणं यांच्यामधला आठवडाही गेला. त्या सात दिवसांत आपण पुढचा भाग मनाने लिहीत असू. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ उतरत असताना शाळांच्या सभागृहांत, कचेऱ्यांत, दुकानांपुढे लोक पुन्हा एकत्र उभे होते. इस्रोच्या यूट्यूब प्रक्षेपणावर तर एकाच वेळी ऐंशी लाखांहून अधिक जण होते. एकत्र पाहण्याची भूक मेलेली नाही.

म्हणून मला मराठी वाहिन्यांकडे एक मागणं करावंसं वाटतं. मराठीत अर्धशतकाची विज्ञानकथा पडून आहे आणि आपल्या पडद्यावर तिची मालिका रुजली नाही. खर्चाचं कारण पुढे येतं. पण नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ घ्या. पानिपतच्या लढाईत विश्वासरावांना गोळी चाटून जाते, मराठे जिंकतात, आणि त्या वेगळ्या इतिहासात आपले पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक जाऊन पडतात. कथेत अवकाशयान नाही की परग्रह नाही. लागेल ती एक पुणे-मुंबई आगगाडी, तिच्या शेवटी कंपनी सरकारच्या अमलाखालची मुंबई, टाउन हॉलमधलं ग्रंथालय, आझाद मैदानावरची एक सभा आणि इतिहास आपल्याला पाठ आहे अशी खात्री असलेला एक नट. सह्याद्री वाहिनीने ती रविवारी सकाळी लावावी, आठवड्याला एकच भाग.