डंपर थांबतो कसा?

महालांतील आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा, माझाच जुना विद्यार्थी, उमरेडकडील कोळशाच्या उघड्या खाणींत डंपर चालवितो. परवां वहिनींनीं मला विचारलें, "गुरुजी, एवढी अवाढव्य गाडी उतारावर असतांना इंजिन बंद पडलें, तर ती थांबते तरी कशी?" प्रश्न आईच्या काळजींतून आलेला, मोघम उत्तर देऊन भागण्यासारखें नव्हतें. म्हणून मुलगा सुटीवर घरीं आला तेव्हां त्याच्याकडून मीं सर्व समजून घेतलें. या खेपेस गुरु तो व शिष्य मी! तेंच येथें वाचकांपुढें मांडतों.

नागपूरच्या आसमंतांत कोळशाच्या खाणी पुष्कळ. १९७५ सालीं स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीचें मुख्य ठाणेंही नागपुरांतच आहे. अशा खाणींत ६० टन माल वाहणारा डंपर स्वतःच्या वजनासह सुमारें १०० टन भरतो. तो ३० मीटर खोल उतरला व त्याचा सारा वेग ब्रेकनींच आवरला, तर निघणारी उष्णता सुमारें ९० लिटर पाणी उकळीस आणण्यास पुरेल. म्हणूनच अशा पुष्कळ यंत्रांत ब्रेकच्या चकत्या तेलांत बुडवून ठेवितात आणि तें तेल फिरवून थंड करितात.

फ्रेंच पंडित ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यानें दाखवून दिलें कीं, कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो. त्यामुळें लहान दट्ट्यावर थोडें बल लावून मोठ्या दट्ट्यावर पन्नासपट बल मिळवितां येतें. मात्र सृष्टि फुकट कांहींच देत नाहीं. बल पन्नासपट हवें, तर लहान दट्ट्याही पन्नासपट अंतर सरकवावा लागतो. लहान मोटारीचें काम यांत भागतें. डंपरच्या ब्रेकांस लागणारें तेल मनुष्याच्या पायानें ढकललें जाणें अशक्य. म्हणून येथें पाय फक्त आज्ञा करितो. श्रम इंजिनावर चालणारा पंप करितो.

ही आज्ञा पाळणारी झडप म्हणजेच ब्रेक-व्हॉल्व्ह. तिच्या पोटांत मागेंपुढें सरकणारी एक दांडी असते. पाय वर असतां ब्रेकमधील तेलाची वाट टाकीकडे मोकळी असते. पाय दाबला कीं एक स्प्रिंग दबते व ती दांडीस ढकलते. दांडी प्रथम टाकीची वाट बंद करिते, मग दाबाच्या तेलाची वाट उघडते. ब्रेकमधील दाब वाढूं लागला कीं तोच दाब दांडीस उलट रेटतो. दोन्ही जोर सम झाले कीं, सोनाराच्या तराजूचा कांटा स्थिर व्हावा तशी दांडी मध्यें थांबून दोन्ही वाटा बंद करिते. त्यामुळें पाय जितका दाबावा तितकाच ब्रेक लागतो, आणि तो किती लागला हें पायास कळतेंही.

आतां वहिनींचा प्रश्न. इंजिन थांबलें कीं पंपही थांबणार. त्यासाठीं गृहिणी पावसाळ्याची बेगमी करिते तशी दाबाची बेगमी आधींच केलेली असते. पोलादी भांड्यांत एका बाजूस नायट्रोजन वायु व दुसऱ्या बाजूस तेल असतें. मध्यें रबरी पिशवी किंवा दट्ट्या. पंप तेल आंत रेटतो व वायु आकसून बसतो. पंप थांबला, तरी हा आकसलेला वायु तेल बाहेर ढकलतो. नायट्रोजन अशासाठीं कीं, साध्या हवेंतील प्राणवायु दाबाखालीं तेलाशीं मिळाला तर पेट घेण्याचें भय असतें. पुढच्या व मागच्या ब्रेकांची बेगमीही बहुधा निरनिराळी असते. एक नळी फुटली तरी दुसरी जोडी हाताशीं राहते. उभ्या गाडीचा ब्रेक तर उलट्या रीतीनें बांधितात: त्यास स्प्रिंग लाविते आणि तेल सोडविते. तेलाचा दाबच नाहींसा झाला, तर तो आपोआप लागतो.

परंतु बेगमी ती बेगमीच. ती थोड्याच वेळां पुरते. इंजिन बंद पडल्यास पाय पुनःपुन्हां दाबून सोडूं नये, कारण प्रत्येक सोडण्याबरोबर सांठ्यांतील कांहीं तेल टाकींत परत जातें. ब्रेक एकदांच दाबावा व गाडी थांबेपर्यंत धरून ठेवावा.

वहिनींनीं हें सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे दाबाचा कांटा पाहिल्यावांचून गाडी हालवायची नाहीं, एवढेंच ना?"

मुलगा म्हणाला, "रोज तेंच करतों, आई."